मशीन म्हणे बावीस हजार

“ज्याला नीट मोजता येतं, त्याला या जगात कुणी फसवू शकत नाही. लक्षात ठेव!”

हे उद्गार टिकटिककाकांनी काढले तेव्हा ते तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांच्या दाराला स्वतःची किल्ली लावत होते. काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर. एक मजला मोजायचा राहिला होता. किल्ली फिरेना म्हणून त्यांनी दाराला खांदा लावला, त्याच क्षणी वकिलांनी आतून दार उघडलं आणि काका थेट त्यांच्या चपलांच्या फळीवर जाऊन स्थिरावले.

“अहो,” खालच्या मजल्यावरून काकूंचा आवाज आला, “वर कुठे निघालात? आपलं घर इथे राहिलं.”

काकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, याला कारण होतं. त्यांच्या खिशात काकूंच्या रक्ताचा रिपोर्ट होता आणि त्यात प्लेटलेट्सचा आकडा लिहिला होता बावीस हजार. कापलं-खरचटलं तर रक्त थांबवणाऱ्या या बारीक कणांची संख्या शहाण्यासुरत्या माणसात दीड लाखाच्या खाली जाऊ नये. काकूंच्या पित्ताशयात खडा होता. तो आठवड्यातून दोनदा काकूंना कळवळायला लावत होता आणि चार महिने त्या उकडलेल्या भाज्यांवर दिवस काढत होत्या. शुक्रवारी ऑपरेशन ठरलेलं. आज मंगळवार. आणि सर्जन रिपोर्ट बघून म्हणाले होते, “एवढ्यावर मी सुरी उचलणार नाही. रक्त थांबायचंच नाही. आधी रक्ताच्या तज्ज्ञांना दाखवा. कंबरेच्या हाडात सुई घालून आतला मगज तपासतील, मग बघू. शुक्रवार सोडला तर माझ्याकडे पुढची तारीख सात आठवड्यांनी.”

जिन्यात काकू एवढंच म्हणाल्या, “हाडात सुई म्हणजे हाडात? की हाडाच्या जवळपास?” काकांनी उत्तर द्यायचं टाळून मोजणीवरचं वर दिलेलं वाक्य म्हटलं.

ते वाक्य म्हणायचा अधिकार मात्र त्यांना होता. तेहेतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्तपेशी मोजल्या. उजव्या मुठीत एक छोटं गोल यंत्र. पेशी दिसली की अंगठ्याने खटका दाबायचा, टिक. दुसरी दिसली, टिक. म्हणून टिकटिककाका. खुद्द काकूंनाही त्यांचं पाळण्यातलं नाव आठवायला दोन क्षण लागत. लग्नानंतर पहिल्या महिन्यात काका झोपेत अंगठा दाबत असत, हे त्यांनी माहेरी अजून सांगितलेलं नाही.

या मोजणीला एक काच लागते. तिला म्हणायचं चेंबर. बोटभर लांबीची जाड पट्टी, मधोमध उघड्या डोळ्यांना न दिसणारी चौकटींची जाळी. त्या जाळीवर पातळ केलेल्या रक्ताचा थेंब सोडायचा आणि चौकटीतल्या पेशी मोजायच्या. आता प्रश्न असा, की जी पेशी बरोबर रेघेवर बसली आहे ती कुणाची? यावर जगभरच्या मोजणाऱ्यांनी एकमताने ठरवलेला नियम असा: वरच्या आणि डाव्या रेघेवरची आपली, खालच्या आणि उजव्या रेघेवरची शेजाऱ्याची. म्हणजे कुणीही दोनदा मोजलं जात नाही आणि कुणी सुटतही नाही. काकांच्या मते मानवजातीने इतका न्यायी नियम दुसरा केलेला नाही. इमारतीच्या आवारात वकिलांची स्कूटर पांढऱ्या रेघेवर उभी असे तेव्हा काकांनी हाच नियम लावून ती उजव्या रेघेवरची, सबब शेजाऱ्याची, असा निकाल दिला होता. वकील तेव्हापासून काकांशी कायद्याच्या भाषेतच बोलतात.

पुढे प्रयोगशाळेत मोठं मशीन आलं. नळी लावा, मिनिटात आकडे. त्याच वर्षी काका निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात वरिष्ठ डॉक्टरांनी काकांचं चेंबर मखमलीवर चिकटवून, वर काच लावून, चौकटीत बसवून त्यांना भेट दिलं आणि भाषणात म्हणाले, “हे उपकरण आणि हा माणूस, दोघेही आता इतिहासजमा झाले.” टाळ्या पडल्या. त्यात काकांची स्वतःची टाळीही होती, हे शल्य सहा वर्षं जिरलेलं नव्हतं.

घरी आल्यावर काका रिपोर्टकडे बघत बसले. मग एकदम म्हणाले, “काल तुझं बोट विळीवर कापलं होतं ना?”

“हो. आणि तुम्ही पट्टी शोधायला गेलात.”

“पट्टी घेऊन आलो तेव्हा?”

“तेव्हा रक्त थांबलं होतं, मी भाजी चिरून फोडणीला टाकली होती, आणि तुम्ही पट्टी स्वतःच्या बोटाला लावून बघत होतात चिकटते का.”

काका ताडकन उठले. “बावीस हजारवाल्या माणसाचं बोट असं थांबत नाही! तुझ्या प्लेटलेट्स कमी नाहीत. त्या एकमेकींना चिकटल्या आहेत.”

काकूंना हे जरा वैयक्तिक वाटलं. पण काकांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. रक्त गोठू नये म्हणून नळीत जे औषध असतं, ते काही मोजक्या माणसांच्या प्लेटलेट्सना मानवत नाही. त्या नळीत शिरल्या की एकमेकींच्या गळ्यात पडतात. वीस बायका हातात हात घालून एका दारातून शिरल्या तर दारावरच्या माणसाने एकच तिकीट फाडावं, तसं मशीनचं होतं.

काकांनी आपल्या जुन्या प्रयोगशाळेत फोन लावला. मशीन चालवणारा म्हणाला, “काका, दोनदा लावलं. दोन्ही वेळा बावीस.”

“अरे, काचेवर रक्त पसरून डोळ्यांनी बघितलंस का?”

“डोळ्यांनी?” पलीकडून त्याने विचारलं. “ते पॅथॉलॉजिस्ट बाई बघतात. त्या गुरुवारी येतील. पण काका, मशीन चुकत नाही हो.”

शेवटच्या वाक्याने घात केला. काकांनी फोन ठेवला, भिंतीवरची चौकट उतरवली आणि जाहीर केलं, “मी स्वतः मोजणार.”

ही बातमी जिन्यातून फिरायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला, म्हणजे काहीच नाही. वकील खाली येऊन म्हणाले, “आधी मशीनला नोटीस द्या. मोजलंत आणि आकडा तोच आला, तर तुम्ही त्यांचाच पुरावा तयार केलात असं होईल.” वकिलांच्या सासूबाईंनी बीटचा रस करून पाठवला, रंग लाल, म्हणून गुण यायलाच हवा, असा त्यांचा युक्तिवाद वकिलांपेक्षा सरळ होता. पहिल्या मजल्यावरच्या शिंपिणीने काकूंना रोज दहा मिनिटं पाय भिंतीला लावून उलटं पडायला सांगितलं, म्हणजे तळपायातल्या प्लेटलेट्स खाली येतील. काकूंनी बीटचा रस काकांना पाजला आणि उलटं पडण्याचाही मान त्यांनाच देऊ केला.

पण पहिलं संकट चौकटीनेच उभं केलं. चेंबर मखमलीवरून सुटेना. गरम पाणी झालं, वाफ झाली, नखांचा रंग काढायचं औषध झालं. औषधाने मखमलीचा रंग सुटला आणि काकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत जांभळे झाले. शेवटी त्यांनी चाकू उचलला, तोच तळमजल्यावरचा सुतार दारात उभा. चौकट त्यानेच बनवली होती.

“काका, माझ्या कामाला चाकू? सहा वर्षांत हललंय का ते?”

“हलायला हवंय रे आता!”

“मग तसं आधी सांगायचं. मला सांगितलं होतं, कायमचं बसवा.”

“मला विचारून सांगितलं नव्हतं,” काका म्हणाले, आणि या वाक्यात सहा वर्षांचं सगळं आलं.

सुताराने खिशातून बारीक तार काढली, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळली आणि काचेखालून अशी अलगद ओढली, की चेंबर त्याच्या तळहातावर येऊन पडलं. सोबत जाड झाकणकाचही शाबूत. मोकळी चौकट त्याने काकांच्या हातात दिली आणि म्हणाला, “यात आता दुसरं काही लावायचं असेल तर सांगा.”

दुसरं संकट सूक्ष्मदर्शकाचं. तो जवळच्या शाळेत होता. मुख्याध्यापिकांनी काकांचं म्हणणं फार सहानुभूतीने ऐकलं आणि शाळेचा सूक्ष्मदर्शक आवाराबाहेर नेता येत नाही, हा नियम तितक्याच सहानुभूतीने सांगितला.

“मग मी आत येतो,” काका म्हणाले.

“बाहेरच्या माणसाने वापरायचा असेल तर नोंदवहीत उद्देश लिहावा लागेल. शैक्षणिक हवा.”

बुधवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, काका काकूंना घेऊन जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथे प्रयोगशाळेचे सहायक बसले होते. हे गृहस्थ इतके नेटके, की कपाटातल्या सांगाड्याच्या बरगड्यासुद्धा दर सोमवारी मोजून ठेवत. त्यांनी नोंदवही पुढे केली. ‘वस्तू’ या रकान्यात काकांनी लिहिलं, सूक्ष्मदर्शक. ‘उद्देश’ या रकान्यात बराच विचार करून लिहिलं, पत्नी.

सहायकांनी ते वाचलं, काकूंकडे बघितलं आणि विचारलं, “शैक्षणिक?”

“अडतीस वर्षं शिकतोय,” काका म्हणाले. सहायक स्वतः विवाहित होते. त्यांनी सही केली.

काकांनी पिशवीतून रक्त मापून घ्यायची काचेची नळी आणि खटक्याचं गोल यंत्र काढलं, सहायकांनी कपाटातून हवी ती पांढरी पूड दिली, पाण्यात विरघळवून रक्त पातळ करायचं औषध तयार झालं. काकूंचं बोट टोचलं. रक्त सरळ बोटातून घेतलं की नळीतल्या त्या मैत्रिणींना एकमेकींच्या गळ्यात पडायला जागाच उरत नाही, ही काकांची युक्ती. थेंब पातळ करून चेंबरमध्ये सोडला, ते सुकू नये म्हणून ओल्या कापसाशेजारी झाकून ठेवलं आणि प्लेटलेट्स तळाला बसेपर्यंत वीस मिनिटं तिघंही कुणाच्या तरी अंत्यदर्शनाला आल्यासारखी गप्प बसली.

मग काकांनी भिंगाला डोळा लावला. सहा वर्षांनी. टिक. टिक. टिकटिक. टिकटिकटिक. अंगठ्याला ऊत आला. पाच चौकटी मोजायच्या आणि आकड्यापुढे तीन शून्यं लावायची, म्हणजे एक कण चुकला की हजार चुकले. काका थांबले तेव्हा यंत्रावर आकडा होता नऊशे बारा.

“म्हणजे?” काकूंनी विचारलं.

काका घाम पुसत म्हणाले, “नऊ लाख बारा हजार.”

काकूंनी क्षणभर विचार केला. “मशीन म्हणतं बावीस हजार. तुम्ही म्हणता नऊ लाख. मी नक्की एकच बाई आहे ना?”

काकांचा चेहरा पडला. इतिहासजमा हा शब्द कानात वाजू लागला. सहायकांनी घसा खाकरला. “मी बघू?” त्यांनी डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि अत्यंत जड अंतःकरणाने म्हणाले, “यातले बरेचसे आमचे आहेत.”

“तुमचे?”

“खडू. फळ्यावरची धूळ. चाळीस वर्षांची आहे. मी सगळं पुसतो हो, पण ती पुसता पुसता उडते आणि पुन्हा बसते.” एवढं कबूल करताना त्यांचे डोळे पाणावले.

काकांना हायसं वाटलं. धूळ ही प्लेटलेटची सर्वांत जुनी तोतयी. दोघांनी मिळून औषध गाळणकागदातून तीनदा गाळलं, काच धुतली, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. काकूंनी दुसरं बोट पुढे केलं.

“आता शिंकायचं नाही,” काकांनी सहायकांना बजावलं.

“मी शाळेत शिंकत नाही,” सहायक म्हणाले.

या खेपेला मोजणी शांत, एकसारखी झाली. दोनशे अडतीस. काकांनी ओरडायचं टाळलं. काकूंनी आपण होऊन तिसरं बोट पुढे केलं. मोजणी अर्ध्यावर असताना मुलांना दाखवण्यासाठी जोडलेल्या दुसऱ्या भिंगातून डोकावणारे सहायक कुजबुजले, “काका, एक रेघेवर बसलाय.”

“कुठल्या रेघेवर?”

“डाव्या.”

“आपला! घ्या.” टिक.

दोनशे चव्वेचाळीस. दोन्हींची सरासरी दोनशे एक्केचाळीस. दोन लाख एक्केचाळीस हजार! सहायकांनी काकांशी हस्तांदोलन केलं, मग काकूंशी, मग भारावून सांगाड्याचाही हात हातात घेतला. काकूंनी तीन टोचलेली बोटं फुंकत विचारलं, “म्हणजे हाडात सुई नाही?”

“हाडाच्या जवळपासही नाही,” काका म्हणाले.

गुरुवारी सकाळी काका काकूंना घेऊन इस्पितळात पॅथॉलॉजिस्ट बाईंसमोर उभे होते. मशीन आणायचा हट्ट या बाईंचाच होता, त्यामुळे काका युद्धाच्या तयारीने आले होते. भाषण पाठ केलं होतं. पहिलंच वाक्य होतं, “बाई, यंत्राला डोळे नसतात.” पण बाईंनी वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. त्यांनी काकूंची मंगळवारची नळी शीतकपाटातून काढली, काचेवर थेंब पसरला, रंगवला आणि भिंगातून बघितलं. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, “या काका, बघा.”

काकांनी बघितलं. भाषण संपल्यावर चहाच्या टेबलाभोवती माणसं जमतात तशा प्लेटलेट्स ठिकठिकाणी घोळके करून उभ्या होत्या.

“तुमचं बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “हे आमच्याच लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्या औषधाची निळ्या बुचाची नळी वापरली की मशीनवरही खरा आकडा येईल. पण त्या नळ्या संपल्यात, शनिवारी येणार.”

“ऑपरेशन उद्या आहे!”

“माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा मोजा. आकडा जुळला तर मी सही करते.”

काकूंचं चौथं बोट. एवढी वर्षं ज्या टेबलावर काढली, त्याच टेबलावर काका बसले. मशीन चालवणारा मागे उभा राहिला. बाईंनी दुसऱ्या भिंगातून सोबत मोजलं. काकांचे दोनशे एकोणचाळीस, बाईंचे दोनशे बेचाळीस. बाईंनी सही ठोकली. पण लढाई संपली असं वाटतं तेव्हा नोंदणी विभाग शिल्लक असतो.

नोंदणीचा कारकून पडद्याकडे बघत म्हणाला, “हाताने मोजलेलं कम्प्युटर घेत नाही. मशीनचा क्रमांक टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. आणि पान उघडल्याशिवाय सर्जनना रिपोर्ट दिसत नाही.”

“मशीनने मोजलंच नाही. मी मोजलंय.”

“मग तुमचा क्रमांक सांगा.”

काका चमकले. “माझा जुना नोकरीतला क्रमांक आहे. चारशे सतरा.”

“चालेल. चार-एक-सात. हं, उघडलं पान.” कारकुनाच्या चेहऱ्यावर एकही रेघ हलली नाही. “उत्पादनाचं वर्ष?”

काकांनी जन्मसाल सांगितलं.

“फार जुनं मॉडेल आहे. शेवटची दुरुस्ती?”

“गेल्या वर्षी. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले.”

“म्हणजे भिंगं नवीन आहेत. चांगलं आहे. विजेवर चालतं की बॅटरीवर?”

“चहावर,” काकू मागून म्हणाल्या. “सकाळचा चुकला तर दिवसभर बंद.”

“इतर. आवाज?”

“झोपेत होतो,” हेही काकूंनीच सांगितलं.

कारकुनाने तेही टाकलं. मग त्याची बोटं थांबली. “शेवटचा रकाना. सद्यस्थिती. तीन पर्याय आहेत. चालू, बंद, भंगारात.”

निरोपाचा हॉल, मखमल, टाळ्या, सगळं काकांच्या डोळ्यांसमोरून गेलं. काकूंनी वाकून पडद्यावर बोट ठेवलं. टोचून टोचून दुखणारं बोट.

“हे. चालू.”

कारकुनाने खटका दाबला. हिरवी खूण उमटली. त्या इस्पितळाच्या दप्तरी यंत्र क्रमांक चारशे सतरा रीतसर रुजू झालं. मागोमाग आलेल्या मशीन चालवणाऱ्याने एक पाऊल मागे घेऊन काकांना वाट करून दिली आणि विचारलं, “काका, ते रेघेवरचं कसं असतं, एकदा समजावाल?” काकांनी जाता जाता समजावलं. वीस मिनिटं समजावलं.

सर्जननी रिपोर्ट बघितला, बाईंशी फोनवर बोलले आणि काकांना म्हणाले, “उद्या सकाळी आठ वाजता घेऊन या. आणि आभारी आहे. मी उगाच घाबरवलं तुम्हाला.” सर्जनच्या तोंडून ‘उगाच’ हा शब्द काकांनी तेहेतीस वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी तो मनात दोनदा मोजला.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. खडा निघाला, तो सुपारीएवढा होता. रक्त थांबायचं तेव्हा शहाण्यासारखं थांबलं. जिन्यात हे कळल्यावर वकिलांच्या सासूबाईंनी यश बीटच्या रसाच्या नावावर लिहून घेतलं, आणि वकिलांनी स्कूटर आपण होऊन डाव्या रेघेकडे सरकवली.

शनिवारी सकाळी निळ्या बुचाच्या नळ्या आल्या. बाईंनी आवर्जून काकूंचं रक्त मशीनवर लावलं. आकडा आला दोन लाख सदतीस हजार. काका तो कागद घेऊन तडक वॉर्डात आले. काकू डोळे मिटून पडल्या होत्या, हाताला सलाईन. काकांनी पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून सगळं सांगितलं: मशीन आता त्यांच्याशी सहमत आहे, बाई म्हणाल्या, सोमवारपासून आठवड्यातून एकदा येऊन सगळ्यांना काच बघायला शिकवा, मशीन चालवणाऱ्याने काकांचा आकडा मशीनवर चिकटवून ठेवलाय, आणि दोन्हींतला फरक आहे फक्त दोन हजारांचा, म्हणजे चौकटीतले दोन कण, तेही बहुधा रेघेवरचे.

काकूंनी डोळे उघडले. बराच वेळ काकांकडे बघितलं. त्या नजरेत एवढं काही होतं, की काका आपोआप ताठ झाले.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “नर्स सांगून गेलीय, सलाईन मिनिटाला तीस थेंब पडायला हवं. जरा मोजता का? आणि मनातल्या मनात मोजा. मला झोप येतेय.”